पेशीतील वीजघर आणि विस्मृती

म्हातारा माणूस घरची वाट विसरला की आमच्या नेरकडे ‘म्हातारचळ लागला’ म्हणून लोक मोकळे होतात. हा शब्द अन्यायाचा आहे, असे इतिहास सांगतो.

१८९८ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी पेशीतील सूक्ष्म कणांना ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव दिले. १९०६ साली आलोइस आल्झायमर यांनी स्मृतिभ्रंशाने मेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील साके व गुंते दाखविले. या दोहोंचा सांधा जुळावयास कित्येक दशके गेली.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शक्तीचा खर्च २० टक्के! ती पुरविणारी वीजघरे म्हणजे हेच कण. मज्जापेशीच्या लांब तंतूतून, रुळांसारख्या नलिकांवरून, ते टोकापर्यंत न्यावे लागतात. या रोगात ती वाहतूक अडते, वीजघरे दुबळी होतात आणि पेशींचे आपसातील दळणवळण मंदावते. बिघाड आधी की रोग आधी, हा वाद चालूच आहे.

२०१९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य व सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदरांच्या मज्जापेशींत सेरोटोनिन हे द्रव्य नवी वीजघरे घडविण्यास चालना देते. हे औषध नव्हे, पण वाट आहे.

गिरणी थंडावली तर आम्ही मजुराला आळशी म्हणू देत नाही. वीज का गेली ते विचारतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तोच न्याय हवा.