पशुधन पर्यवेक्षक : कामातील श्रम व जोखीम

महाराष्ट्रात पदविकेचे शिक्षण घेऊन जनावरांचे लसीकरण, कृत्रिम रेतन, खच्चीकरण, मलमपट्टी व प्रथमोपचार करणाऱ्या कर्मचाऱ्यास पशुधन पर्यवेक्षक म्हणतात. भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार अशा किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली द्यावयाच्या असतात. गोठ्यात मात्र पर्यवेक्षक बहुधा एकटाच असतो आणि या पेशातील जोखीम त्यामुळे वाढते.

कृत्रिम रेतनात, म्हणजे वळूचे गोठवलेले वीर्य नळीने गाईच्या गर्भाशयात सोडताना, एक हात गुदाशयात खोलवर घालून गर्भाशयाचे मुख बाहेरून धरावे लागते व दुसऱ्या हाताने नळी पुढे सरकवावी लागते. गाय कुंथली की आतल्या हातावर दाब येतो, ती एकाएकी खाली बसली तर कोपर किंवा खांदा दुखावतो, आणि हेच काम वर्षानुवर्षे एकाच हाताने होत राहिल्याने खांदा, मनगट व कंबर यांची दुखणी जडतात. जनावर खोड्यात, म्हणजे त्याला हलता येऊ नये अशा पक्क्या चौकटीत, उभे केल्यास धोका पुष्कळ घटतो. पण खोडा नसेल तेथे दावे, मोरखी आणि मालकाचा हात यांवरच भिस्त ठेवावी लागते. गाय मागचा पाय बाजूलाही झाडते, त्यामुळे कोठे उभे राहावे याचे ज्ञान अंगबळापेक्षा अधिक उपयोगी पडते. रेतमात्रा उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नत्रात ठेवतात. ते त्वचेवर सांडल्यास भाजल्यासारखी इजा होते, तर 1 लिटर द्रवाचा सुमारे 700 लिटर वायू होत असल्याने बंद वाहनात त्याची गळती झाल्यास गुदमरण्याचे भय असते.

लाथेची इजा लगेच दिसते, संसर्गाची दिसत नाही. ब्रुसेलोसिस या गर्भपात घडवणाऱ्या रोगाचे जंतू वार व गर्भजलातून माणसात शिरतात आणि दीर्घकाळ उलटणारा ताप व सांधेदुखी मागे लावतात. कालवडींना टोचायची त्याची लसही जिवंत जंतूंची असल्याने सुई चुकून स्वतःला लागणे धोक्याचे ठरते. रेबीज झालेली गाय लाळ गाळते व तिला गिळता येत नाही, तेव्हा घशात काही अडकले असावे असे समजून तोंडात हात घातला जातो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग माणसासाठी जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो.

गाय माजावर, म्हणजे गर्भधारणेस योग्य अवस्थेत, फार थोडा वेळ असते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी रेतन करावे असा प्रघात असल्याने सुटीचे वेळापत्रक जनावराच्या शरीरधर्मापुढे टिकत नाही. राज्यात 2022 मध्ये लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा तर गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचावी लागली. याहून अवघड असते ते एकाच दुभत्या म्हशीवर चालणाऱ्या घराला ती वाचणार नाही असे सांगणे. त्यासाठी लागणारा धीर व स्पष्टपणा पदविकेच्या परीक्षेत मोजला जात नाही. हे काम पुरुषी ताकदीचे आहे हा समज चुकीचा आहे, कारण योग्य बंधन व सरावलेला हात असेल तर स्त्रियाही ते तितक्याच कुशलतेने करतात. रेबीजची पूर्वलस, खांद्यापर्यंतचे हातमोजे आणि गावात पक्का खोडा हे कर्मचाऱ्याच्या हिमतीवर न सोडता सेवेचाच भाग म्हणून पुरवले पाहिजेत.