जेजुरीचा खंडोबा : मणि-मल्लाचं युद्ध, म्हाळसा-बानूचा संसार आणि पिवळ्या भंडाऱ्यामागच्या कथा

आपल्या भागात देवघरातले चांदीचे टाक घासायला काढले की त्यात घोड्यावर बसलेला, हातात खंडा घेतलेला एक देव हमखास सापडतो. तोच खंडोबा. कुणी मल्हारी म्हणतं, कुणी मार्तंड, कुणी म्हाळसाकांत. कुळदैवत म्हणून तो मराठ्यांच्या घरात आहे, धनगरांच्या वाड्यावर आहे, रामोशी आणि कोळी समाजात आहे, ब्राह्मणांच्या देव्हाऱ्यातही आहे. एकच देव इतक्या वेगवेगळ्या लोकांचा कसा झाला, याचं उत्तर त्याच्या कथांमध्ये आहे. आणि या कथा जेजुरीच्या डोंगरावर अक्षरशः मांडून ठेवल्या आहेत. कोण वर बसलंय, कोण अर्ध्या वाटेवर आणि कोण पायाखाली, हे माहीत असलं की गड चढताना वेगळंच वाटतं.

जेजुरी पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात. पुण्याहून सासवडमार्गे साधारण 50 किलोमीटर. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर स्टेशनही आहे. ज्ञानोबा माउलींची पालखी पंढरीला जाताना इथं मुक्काम करते, तेव्हा वारकऱ्यांवरही भंडारा उधळला जातो.

मणि आणि मल्ल

मणि आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ. ब्रह्मदेवाच्या वरामुळे माजले आणि ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त करू लागले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, शेवटी महादेवाकडे आले. महादेवानं मार्तंडभैरवाचं रूप घेतलं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस युद्ध झालं.

यातली खरी गंमत युद्ध संपताना आहे. मणी मरताना शरण आला. आपला पांढरा घोडा त्यानं देवाला दिला आणि मागितलं की तुझ्या प्रत्येक ठिकाणी मलाही जागा असू दे, मला बकऱ्याचा नैवेद्य मिळू दे, लोकांचं भलं होऊ दे. देवानं ते मान्य केलं. म्हणून खंडोबाच्या ठाण्यावर मणीची पूजा होते. मल्लानं मात्र मरतानाही जगाचा नाश मागितला. त्याचं मस्तक देवळाच्या पायरीशी पडलं आणि आजही भक्त त्यावर पाय देऊन आत जातात. दुसरी एक कथा मल्लाला थोडं बरं वागवते. त्यानं मागितलं की देवाच्या आधी माझं नाव यावं, म्हणून देव मल्हारी झाला. दोन्ही कथा सांगितल्या जातात.

युद्ध संपलं तो दिवस चंपाषष्ठी. घरोघरी सहा दिवसांचं नवरात्र उठतं, तळी भरली जाते आणि वांग्याचं भरीत-रोडगा असा नैवेद्य होतो. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं या दिवसापासून वांगं पुन्हा खायला लागतात.

म्हाळसा वर, बानू मध्यावर

पुस्तकातली कथा युद्धाची, पण जागरणात रंगते ती संसाराची.

म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक, लिंगायत घरची, पार्वतीचा अवतार मानलेली. तिचं लग्न सातारा जिल्ह्यातल्या पालीला पौष पौर्णिमेला झालं. कराड तालुक्यातल्या या पालीत दरवर्षी पौषात देवाचं लग्न लागतं आणि मोठी यात्रा भरते.

पुढं सारीपाटाच्या डावात देव म्हाळसेशी हरला आणि पैजेप्रमाणे बारा वर्षं घर सोडून गेला. जाऊन कुठं पोचला? चंदनपुरीला, म्हणजे मालेगावजवळ, धनगराच्या बानूकडं. देव तिथं म्हातारा गडी बनून मेंढरं राखायला राहिला. एक दिवस मेंढरं धुवायला नेली आणि धुता धुता मारूनच टाकली. बानू संतापली. देव म्हणाला, लग्नाला हो म्हण, मग उठवतो. भंडारा शिंपडला आणि सगळी मेंढरं जिवंत झाली. लग्न नळदुर्गाला झालं असं सांगतात.

बानूला घेऊन देव घरी आला तेव्हा जे भांडण झालं, ते वाघ्या-मुरळी रात्र-रात्र गातात. एक वाण्याची, सोवळ्यातली. दुसरी रानात वाढलेली, मटण खाणारी. शेवटी डोंगराचीच वाटणी झाली. वरचा अर्धा म्हाळसेचा, खालचा अर्धा बानूचा. म्हणून गाभाऱ्यात देवाशेजारी म्हाळसा आहे आणि बानूचं देऊळ पायऱ्यांच्या वाटेवर, मध्येच लागतं. बरेच जण घाईत नुसता हात जोडून पुढं जातात. धनगर भाविक मात्र तिथं थांबल्याशिवाय वर चढत नाहीत.

यादी इथं संपत नाही. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई भागवीण याही देवाच्या बायका मानल्या जातात. चंदाईला काही जण तेलीण म्हणतात, मुसलमान भाविक तिला आपली मानतात. देवाच्या घोड्यांची निगा राखण्याचा मानही परंपरेनं मुस्लिम घराण्याकडं राहिला आहे. ज्या समाजाची लेक त्या घरात गेली त्या समाजाचा तो जावई, आणि जावयाला परकं कोण म्हणेल? इतिहासात कुणी नेमकं काय केलं ते बाजूला ठेवा, पण कथेनं हे काम चोख केलेलं दिसतं.

2014 साली सुरू झालेली ‘जय मल्हार’ मालिका बघून पुष्कळ तरुणांना ही कथा कळली, हे चांगलंच झालं. पण जागरणात ऐकलेली बानू जास्त रोखठोक असते. गावात जागरण-गोंधळ असेल तर मोबाईल खिशात ठेवून एकदा पूर्ण बसून ऐका.

गडावर आणि त्याही वर

मूळ ठाणं कडेपठारचं, गडाच्याही वर डोंगरात. एका भक्ताला म्हातारपणी तेवढं चढवेना, म्हणून देवच खाली उतरून आला, अशी कथा आहे. आताच्या गडाच्या बांधकामात होळकरांचा मोठा वाटा आहे. खंडोबा त्यांचं कुळदैवत. मल्हाररावांचं नावच देवाचं.

नवं लग्न झालं की जोडपं जेजुरीला जातं आणि नवरा बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो. पायऱ्या नऊ लाख असं म्हणायची रीत आहे, मोजायला कुणी बसू नये. देवळापुढं पितळी पत्र्यानं मढवलेलं भलंमोठं कासव आहे, त्यावर तळी भरतात. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या गजरातला येळकोट कानडीतला. येळू म्हणजे सात. देवाच्या सात कोटी सैन्याचा तो अर्थ लावला जातो. कर्नाटकात हाच देव मैलार म्हणून पुजतात.

सोमवती अमावस्येला पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. दसऱ्याला 42 किलोचा खंडा एका हातानं तोलण्याची चढाओढ लागते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. पूर्वी नवस फेडायला मुली ‘मुरळी’ म्हणून देवाला वाहिल्या जात आणि त्यांच्या आयुष्याची परवड होई. मुंबई इलाख्यात 1934 च्या कायद्यानं मुलगी देवाला वाहणं गुन्हा ठरवलं. आज जागरणात गाणाऱ्या मुरळ्या कलावंत आहेत, त्यांचा मान ठेवावा. नवसाच्या नावाखाली कुणी लेकराचं असं काही ठरवत असेल तर गप्प बसू नये.

आणि भंडारा. भंडारा म्हणजे हळद. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द आपल्याकडं कोर्टातल्या शपथेपेक्षा जड मानला जायचा. आता गर्दीच्या दिवशी हळदीऐवजी रंग घातलेली पावडर गळ्यात मारणारेही भेटतात. ती डोळ्यांत, अंगावर गेली की जळजळ होते. घरून निघतानाच चांगली हळद बांधून घ्या. उधळताना लहान मुलांचे डोळे सांभाळा आणि भंडारा सांडलेल्या पायरीवर जपून पाय टाका, उतरताना ती घसरते.