वृक्षतोड कामगाराची सुरक्षितता : कायद्याच्या इतिहासातील एक रिकामी जागा
(एरंडोल परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हे खानदेशातील एक प्राचीन गाव होय. पांडववाडा आणि जवळचे पद्मालयाचे गणेशस्थान यांमुळे ते सर्वपरिचित आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत मात्र या गावाची नोंद प्रामुख्याने येथे तयार होणाऱ्या जाड्याभरड्या देशी कागदासाठी झालेली आढळते. धुळे-जळगाव हा रस्ता या गावावरून जातो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर क्रमांक ५३ झाला. त्याच्या चौपदरीकरणात कडेची जुनी झाडे गेली. त्यांविषयी हळहळ व्यक्त झाली आणि ती रास्तही होती. तथापि ही झाडे कोणी पाडली, कोणत्या साधनांनी पाडली आणि पाडताना कोणाला काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पर्यावरणाच्या चर्चेत तोडणारा हात हा केवळ दोषी हात असतो. तो एका मजुराचा हात आहे, याचा विसर पडतो.

झाडाभोवती गेल्या दीडशे वर्षांत अनेक कायदे उभे राहिले. त्यांनी सरकारचा महसूल राखला, तारा राखल्या, झाडे राखली आणि वाटसरूंचीही काळजी घेतली. झाडावर चढणाऱ्या माणसाचे स्थान या कायद्यांत कोठे व कसे आले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कामाचे स्वरूप

कायद्याकडे वळण्यापूर्वी हे काम समजून घेणे क्रमप्राप्त ठरते, कारण त्यातील धोका बाहेरून दिसतो त्यापेक्षा वेगळा आहे. झाड पाडणे म्हणजे ते कापणे नव्हे, तर त्याच्या पडण्याला दिशा देणे होय. ज्या बाजूला झाड पाडावयाचे त्या बाजूस प्रथम खाच घेतात. खाचेची खोली खोडाच्या व्यासाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असते. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, दुसरा काप देतात. दोन्ही कापांच्या मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची पट्टी न कापता राखावी लागते. ही पट्टी बिजागरीसारखे काम करते आणि झाड ठरलेल्या दिशेने झुकते. ती पूर्ण कापली गेली तर झाड कोठेही जाऊ शकते. खोड एका अंगाला कललेले असेल आणि खाच उथळ असेल, तर ते मधोमध उभे फाटते व वर उसळलेला भाग मागे उभ्या असलेल्या माणसावर येतो. म्हणूनच झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत इतर कोणी असू नये, असा संकेत सर्वत्र मानला जातो. खेड्यात याच अंतरात सरपणासाठी फांद्या वेचणाऱ्या बाया व मुले असतात.

छाटणीचे काम त्याहून अवघड आहे. छाटणारा जमिनीवर नसतो. जी फांदी कापावयाची तिच्या भाराने दुसरी फांदी ताणलेली असते. कापताच ती झटक्याने वर येते. निंबाची फांदी तुटण्यापूर्वी काहीशी वाकते, चिंचेचे लाकूड चिवट असते, परंतु गुलमोहर, सुबाभूळ आणि शेवगा यांचा भरवसा धरता येत नाही. हे ज्ञान चढणाऱ्या माणसांकडे असते. ते कोठेही लिहिलेले नाही. दोर सोबत असतोच, पण तो बहुधा कापावयाच्या फांदीला बांधलेला असतो. फांदी घरावर किंवा तारेवर पडू नये म्हणून तो असतो. माणसाला बांधण्यासाठी दुसरा दोर क्वचितच दिसतो. या एका गोष्टीत पुढे येणारा कायद्याचा सारा इतिहास जणू साठवलेला आहे.

अलीकडच्या काळात कुऱ्हाड व दोनहाती करवत यांची जागा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने घेतली आहे. बोलीत तिला नुसते ‘मशीन’ किंवा ‘कटर’ म्हणतात. तिने वेळ वाचविला, परंतु धोक्याची जात बदलली. करवतीच्या पट्टीचे टोक लाकडाला अडले की यंत्र क्षणार्धात चालविणाऱ्याकडे उसळते. कुऱ्हाडीची चूक बहुधा पायावर येत असे, यंत्राची चूक मान व चेहऱ्यापर्यंत पोहोचते.

महसूल आणि कुऱ्हाड

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे एरंडोलजवळच्याच धरणगावी होते. जंगलातील माणसाला आधी शिस्तीत आणावयाचे आणि नंतर जंगलाला, असा हा क्रम होता. १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशातून गेली. एरंडोलला जवळचे स्थानक म्हसावद हे होते. रेल्वेबरोबर इमारती लाकडाची व जळणाची मागणी वाढली. १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारचा हक्क क्रमाने घट्ट केला. १९२७ च्या अधिनियमातील कलम २६ राखीव वनात झाड तोडणे, छाटणे, त्याची साल काढणे यांना गुन्हा ठरविते. कलम ५२ नुसार गुन्ह्यात वापरलेली हत्यारे, होड्या, गाड्या व जनावरे जप्त करता येतात. कुऱ्हाड या कायद्यात आली ती जप्त करावयाची वस्तू म्हणून. ती ज्याच्या हाती आहे तो एक तर चोर, नाही तर ठेकेदाराचा माणूस. दोन्ही बाबतींत त्याच्या शरीराशी कायद्याला कर्तव्य नव्हते.

जंगलाचे ‘कूप’ लिलावात घेणाऱ्या ठेकेदारांकडून आदिवासी मजुरांची होणारी पिळवणूक डी. सिमिंग्टन यांच्या अहवालाने १९३० च्या दशकाअखेरीस सरकारपुढे मांडली. पश्चिम खानदेश हा त्या अहवालाच्या कक्षेतील महत्त्वाचा प्रदेश होता. पुढे बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्थांना उत्तेजन दिले. ठेकेदाराच्या जागी मजुरांची स्वतःची संस्था कूप तोडू लागली, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या सुधारणेचा मुख्य विषय मजुरी हा होता. १९७२ मध्ये शहादा परिसरात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या मागण्याही जमीन, मजुरी आणि प्रतिष्ठा यांभोवती होत्या. पोटाचा प्रश्न इतका तीव्र असता झाडावरून पडण्याचा प्रश्न मागे राहिला, तर त्यात आश्चर्य नाही. मात्र तो मागे राहिला तो राहिलाच.

तार आणि झाड

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील कलम १८ ने तारयंत्राच्या तारेला अडथळा करणारे झाड दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने काढण्याची सोय केली. हीच कल्पना विजेच्या तारेला लागू झाली. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६८ मध्ये ती आजही आहे. तार टाकण्यापूर्वीपासून झाड उभे असेल, तर झाडाच्या मालकाला नुकसानभरपाई देण्याचीही तरतूद त्यात आहे. अर्थात तारेचा विचार झाला, झाडाच्या मालकाचाही झाला. त्याच अधिनियमाच्या कलम १६१ नुसार विजेमुळे झालेल्या अपघाताची सूचना द्यावी लागते व चौकशी होऊ शकते. त्यामुळे छाटणी करणारा मजूर तारेला चिकटून मरण पावला, तर निदान कागद तयार होतो. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वीजवाहिन्यांलगतच्या फांद्या तोडल्या जातात. तेथे वीजपुरवठा बंद ठेवलेला असताना मजूर नुसताच तोल जाऊन पडला, तर ते कलम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उंची तीच, दोर नसणेही तेच. फरक एवढाच की मृत्यूचे कारण वीज नव्हे, गुरुत्वाकर्षण होय.

भरपाईचा कायदा

वृक्षतोड कामगाराला नावाने ओळखणारा कायदा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कोणाला कामगार मानावे याची यादी त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असून ती वेळोवेळी विस्तारत गेली. ताडाच्या झाडांचा रस काढणारे, झाडे तोडणारे व ओंडके करणारे, जलमार्गाने लाकूड वाहून नेणारे आणि वणवा विझविणारे अशी सारी माणसे या यादीत एकाच नोंदीत गुंफलेली आहेत. जवळच हत्ती व इतर वन्य प्राणी पकडणाऱ्यांचीही नोंद आहे. यादी वाचताना वसाहतकालीन अरण्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते.

एका हाताने दिलेले हे संरक्षण दुसऱ्या हाताने काढून घेतले होते. ज्याचे काम नैमित्तिक स्वरूपाचे आहे आणि जो मालकाच्या व्यापार-धंद्याखेरीज अन्य कारणासाठी कामावर ठेवलेला आहे, तो कामगार नव्हे, असे व्याख्येतच म्हटले होते. घराच्या आवारातील चिंच उतरविण्यासाठी एका दिवसापुरता बोलावलेला माणूस या वाक्यामुळे कायद्याबाहेर राहिला. हे वाक्य २००० च्या दुरुस्तीने वगळण्यात आले, म्हणजे त्याला तब्बल पाऊणशे वर्षे आयुष्य लाभले. त्याच दुरुस्तीने मृत्यूबद्दलची किमान भरपाई ८०,००० रुपये केली. २००९ च्या दुरुस्तीने ती १,२०,००० रुपये झाली आणि अधिनियमाच्या नावातील ‘कामगार’ हा शब्द जाऊन ‘कर्मचारी’ हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही व्यवस्था सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाली आहे.

तरीही मालक कोण, हा प्रश्न उरतोच. गावात झाड बहुधा उभेच विकले जाते. वखारवाला किंमत ठरवितो, दोन-तीन माणसांच्या टोळीला उक्ते काम देतो आणि टोळी आपली हत्यारे घेऊन येते. अपघात झाला की शेतकरी म्हणतो, झाड विकले होते. वखारवाला म्हणतो, काम उक्ते दिले होते. ठेकेदाराच्या मजुरासाठी मुख्य मालकाला जबाबदार धरण्याची तरतूद १९२३ च्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये होती, पण ते काम त्या मालकाच्या नित्य व्यवसायाचा भाग असावे लागे. वखारवाल्याच्या बाबतीत ते सिद्ध करणे कठीण नसावे. कठीण आहे ते टोळीतील माणसाच्या विधवेने आयुक्तापर्यंत पोहोचणे. शिवाय भरपाई ही घटना घडून गेल्यानंतरची गोष्ट आहे. माणूस पडू नये यासाठी तिचा उपयोग फार थोडा.

तेच खोड आरागिरणीत गेल्यावर चित्र पालटते. यंत्रशक्तीवर चालणारी आणि दहा किंवा अधिक कामगार असलेली गिरणी १९४८ च्या कारखाना अधिनियमानुसार कारखाना ठरत असे व फिरत्या पात्याला आच्छादन घालणे मालकाला बंधनकारक होते. लाकूड बाजारातील हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार मिळाला. लाकूड जसजसे माणसाळत गेले तसतसा कायदा त्याच्याजवळ आला, असे म्हणावयास हरकत नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही आस्थापनेची सर्वसाधारण मर्यादा दहा कामगारांची आहे. दोन-तीन माणसांची टोळी तिच्या खाली राहते.

झाडाचे संरक्षण

महाराष्ट्राने १९६४ मध्ये झाडे तोडण्याचे नियमन करणारा आणि १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण व जतन करणारा अधिनियम केला. दुसऱ्या कायद्याने नगरपालिकांच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी आणले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून मान्यता दिली. परवानगीसाठी झाड कोठे आहे आणि का तोडावयाचे हे सांगावे लागते. बदल्यात नवी झाडे लावावी लागतात. जीवितास धोकादायक झालेल्या झाडाचा वेगळा विचार या कायद्यात आहे, पण ते जीवित खालून जाणाऱ्याचे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचे झाड कोसळून एका महिलेचा, तर एप्रिल २०२३ मध्ये अकोला जिल्ह्यातील पारस येथे निंब कोसळून सात भाविकांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर धोकादायक झाडांची छाटणी करा, ही मागणी साहजिकच होते. छाटणी कोण व कशी करणार, हा प्रश्न त्या मागणीत नसतो.

अन्यत्र हा प्रश्न विचारला गेला आहे. अमेरिकेत झाडांच्या निगराणीच्या कामासाठी सुरक्षेचे पहिले राष्ट्रीय मानक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यात छाटणी करताना मरण पावलेल्या एका तरुणाच्या आईचा पाठपुरावा त्यामागे होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ मध्ये वनकामातील सुरक्षा व आरोग्य यांविषयी आचारसंहिता काढली. भारतातही उंचीवरील कामाच्या सुरक्षा-पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे मानक आहे. झाड तोडण्याची परवानगी देताना चढणाऱ्याला असा पट्टा असावा आणि झाडाखालची जागा मोकळी ठेवावी, अशी अट घालण्यास नगरपालिकेला फारसा खर्च येणार नाही. छाटणीच्या निविदेत तर ती सहज बसू शकते.

राज्य शासनाने २००५-०६ पासून शेतकऱ्यांसाठी अपघात विमा सुरू केला. तो आता गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना म्हणून चालतो. उंचावरून पडून किंवा विजेच्या धक्क्याने मृत्यू आल्यास शेतकऱ्याच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. शेताच्या बांधावरील निंब छाटण्यासाठी जमिनीचा मालक आणि त्याने बोलावलेला भूमिहीन मजूर असे दोघे चढले व फांदी मोडून दोघेही पडले, तर पहिल्याच्या घरी या योजनेचा अर्ज भरला जाईल. दुसऱ्याच्या घरी जोडावयास सात-बाराचा उतारा नसेल.