दुष्परिणामांच्या खात्यात

न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाचे क्षयरुग्णालय होते. १९५२ साली तेथे इप्रोनियाझिड या नव्या औषधाची चाचणी झाली. अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले, पोटभर जेवू लागले. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रेही छापून आली. हा उत्साह नोंदला गेला तो दुष्परिणाम म्हणून. औषध फुप्फुसांसाठी होते ना! (इंग्रजीतला शब्द नुसता ‘बाजूचा परिणाम’ एवढेच सांगतो. आपण ‘दुष्’ लावून निकालही देऊन टाकला.)

१९५७ मध्ये नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने तेच औषध नैराश्याच्या रुग्णांना दिले आणि नोंद एका खात्यातून दुसऱ्यात गेली. या कथेचा एक धागा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला. तिच्यातले रिझर्पिन क्लाइनने मनोरुग्णांवर वापरले, आणि १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत हे दोघेही होते. रिझर्पिन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण मात्र खिन्न होऊ लागले. प्रयोगशाळेत रिझर्पिनने प्राणी मलूल पडत. आधी इप्रोनियाझिड दिले असेल तर उलट चळवळे होत. नैराश्याचा मेंदूतील रसायनांशी संबंध जोडणारा सिद्धान्त उभा राहिला तो अशा निरीक्षणांवर, म्हणजे निम्मा तरी दुष्परिणामांवरच.

इप्रोनियाझिडने यकृताला इजा होते असे दिसल्यावर १९६१ मध्ये अमेरिकेत ते मागे घेतले गेले. त्याच कुळातल्या दुसऱ्या औषधाबद्दल नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याने १९६३ मध्ये बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरला कळवले, की चीज खाल्ले की माझ्या पत्नीचे डोके भयंकर दुखते. ही गोष्ट आधी हसण्यावारी नेली गेली. पण जुन्या चीजमधले टायरामिन पचवणारे विकर ही औषधे बंद पाडतात, रक्तदाब उसळतो, प्रसंगी मेंदूत रक्तस्राव होतो. ते पत्र घरातल्या जेवणाच्या टेबलावरून आले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

इकडे स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगनच्या रुग्णालयात रोलंड कून याने १९५६ मध्ये इमिप्रामिनचा गुण ओळखला. पुढच्या वर्षी झुरिकच्या जागतिक परिषदेत त्याचे भाषण ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणे हे त्रास होतेच. पण खरा घोर वेगळा होता. आत्महत्येच्या काठावरील माणसाच्या हाती दिलेल्या काही आठवड्यांच्या गोळ्या, एकदम घेतल्या तर, जीव घेऊ शकत. (कूनने हजाराहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचण्यांचा, त्यांच्या संमतीच्या प्रश्नासह, शोध तिथल्या प्रांताने करवून घेतला, तो प्रसिद्ध व्हायला २०१९ उजाडले.)

मग सरस कोणते? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने २५० रुग्णांवरील चाचणी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. चार आठवड्यांनी लक्षणे जवळजवळ ओसरलेले रुग्ण असे: विजेच्या झटक्यांनी ७१ टक्के, इमिप्रामिनने ५२, औषध नसलेल्या गोळीने ३९ आणि फेनेल्झिनने ३०. फेनेल्झिनची मात्रा कमी पडली, असा आक्षेप पुढे आला. मोजपट्टीचाही प्रश्न असतो. मॅक्स हॅमिल्टनच्या १९६० च्या १७ कलमी मोजपट्टीत ५२ पैकी ६ गुण केवळ झोपेचे आहेत. गुंगी आणणारे औषध तिथे आपोआप पुढे सरकते, आणि तीच गुंगी दुसऱ्या रकान्यात तक्रार म्हणून बसते.

छापून काय येते हाही मुद्दा. अमेरिकी नियंत्रकांकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांपैकी जवळपास एकतृतीयांश प्रसिद्धच झाल्या नव्हत्या, हे २००८ मध्ये उघड झाले. छापील वाङ्मयात ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत. नियंत्रकांच्या हिशेबी त्या ५१ टक्केच होत्या.

२०१८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी अप्रकाशित माहितीही मिळवून ५२२ चाचण्या व १,१६,४७७ प्रौढ रुग्ण एकत्र मोजले. एकवीसही औषधे कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरली, फरक बहुधा माफक. कोऱ्या गोळीच्या तुलनेत सर्वांत प्रभावी ठरली ती ॲमिट्रिप्टिलिन, १९६१ पासूनची जुनी, स्वस्त गोळी. उपचार अर्ध्यावर सोडण्याचे प्रमाण मात्र फ्लुओक्सेटिन आणि ॲगोमेलाटिनमध्ये कमी, अगदी कोऱ्या गोळीपेक्षाही. आणि हा हिशेब साधारण आठ आठवड्यांचा. दोन-पाच वर्षे गोळी घेणाऱ्याचे वाढलेले वजन, आटलेली कामेच्छा, गोळी सोडतानाची चक्कर त्यात मावत नाही.

ॲमिट्रिप्टिलिन आज नैराश्यासाठी पहिल्यांदा क्वचितच लिहून देतात. पण मायग्रेनच्या आणि नसांच्या दुखण्याच्या रुग्णांना ती अल्प मात्रेत, रात्री झोपताना देतात. रात्री अशासाठी, की तिने झोप येते.