लाखेचा प्रवास

चरकावर लाकडी लाटणं गरगर फिरत असतं आणि कारागीर त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाने लाख वितळते, लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान घासलं की ती तकाकी येते. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर जगणाऱ्या इवल्याशा किड्यांचा स्राव. संस्कृतात ‘लाक्षा’, प्राकृतात ‘लक्खा’, मराठीत ‘लाख’. पांडवांना जाळायला उभारलेल्या लाक्षागृहातही तीच. पत्र लाखेने बंद केलं की त्याचा ‘लाखोटा’ होतो. किती नेटका शब्द आहे हा! पुढे फारसी-अरबीतून पोर्तुगीजांकडे जाऊन तिचं ‘लाक्रे’ झालं आणि इंग्रजीत ‘लॅकर’. युरोपीयांनी जपानच्या झळाळत्या काळ्या भांड्यांनाही हेच नाव दिलं. वास्तविक तो लेप उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचा. किड्याच्या लाखेशी त्याचा संबंध नाही. आज फर्निचरच्या दुकानात ‘लॅकर फिनिश’ म्हणतात, त्यातही बहुधा नायट्रोसेल्युलोज किंवा पॉलियुरेथेन असतं. तेव्हा सावंतवाडीला खेळणी घ्यायला गेलात, तर ‘लाखकाम’ दाखवा असंच म्हणा.