लिव्हरपूलची उच्च दाबाची खेळपद्धती

उच्च दाबाची खेळपद्धती (हाय प्रेसिंग) ही फुटबॉलमधील एक सांघिक व्यूहरचना आहे. तीत संघ स्वतःच्या गोलजवळ बचाव करत न थांबता प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानातच चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न करतो. जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या कारकिर्दीतील (२०१५–२०२४) इंग्लंडचा लिव्हरपूल संघ हे या पद्धतीचे ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी

इटलीच्या एसी मिलान संघाने आरिगो साक्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९८९ व १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला. त्या संघाची बचावफळी पुढे सरकून खेळत असे आणि सर्व खेळाडू एकत्रितपणे दाब टाकत. क्लॉप हे माइन्झ संघात खेळत असताना प्रशिक्षक वोल्फगांग फ्रांक यांच्याकडून ही विचारसरणी शिकले. चेंडू गमावताच तो तत्क्षणी परत मिळवण्यासाठी तुटून पडणे, या डावपेचाला जर्मन भाषेत ‘गेगेनप्रेसिंग’ म्हणतात. प्रतिस्पर्धी खेळाडू त्या क्षणी आक्रमणासाठी पांगू लागलेले असल्यामुळे त्यांचा बचाव विस्कळीत असतो, हे त्यामागील तत्त्व आहे.

रचना व खेळाडूंच्या भूमिका

२०१८ ते २०२० या यशस्वी काळात संघ मुख्यत्वे ४–३–३ या रचनेत खेळत असे.

आघाडी : मध्यभागी रॉबर्टो फिर्मिनो दाबाची सुरुवात करी. तो मागे सरकून प्रतिस्पर्धी मध्यरक्षकाकडे जाणारा पासही रोखत असे. मोहम्मद सलाह व सादिओ माने हे बाहेरून आत वळत धावत. त्यामुळे कडेच्या बचावपटूकडे चेंडू देण्याचा मार्ग बंद होई आणि चेंडू गर्दीच्या मध्यभागी ढकलला जाई.

मधली फळी : जॉर्डन हेंडरसन व जॉर्जिनियो वाइनाल्डम तेथे चेंडू हिसकावण्यास सज्ज असत. कडेचे बचावपटू पुढे गेल्यास त्यांची जागाही तेच राखत. दोघांच्या मागे फाबिन्यो प्रतिआक्रमण थोपवत असे.

बचावफळी : ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड व अँड्र्यू रॉबर्टसन कडेने चढाई करत. व्हर्जिल व्हान डाइक व त्याचा सहकारी मध्यरेषेच्या जवळ उभे राहून दोन फळ्यांमधील अंतर कमी ठेवत. त्यांच्या मागील मोकळ्या जागेची राखण गोलरक्षक अलिसन बेकर करी.

यश

७ मे २०१९ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत, पहिला सामना ०–३ असा गमावूनही, लिव्हरपूलने बार्सेलोनाला ४–० असे हरवले. सलाह व फिर्मिनो या सामन्यात नव्हते. दुसऱ्या गोलापूर्वी अलेक्झांडर-अर्नोल्डने स्वतः गमावलेला चेंडू लगेच परत मिळवला आणि त्याच्या क्रॉसवर वाइनाल्डमने गोल केला. त्या वर्षी संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१९–२० मध्ये ९९ गुणांसह त्याने ३० वर्षांनंतर इंग्लंडचे लीग विजेतेपद मिळवले.

मर्यादा

या पद्धतीत प्रत्येक फळी दुसरीवर अवलंबून असते. पुढचा दाब सैल पडल्यास प्रतिस्पर्ध्याला लांब पास देण्यास उसंत मिळते आणि पुढे सरकलेल्या बचावफळीमागील जागा उघडी पडते. ४ ऑक्टोबर २०२० रोजी ॲस्टन व्हिलाने याच जागेचा लाभ घेत लिव्हरपूलला ७–२ असे हरवले. त्या दिवशी अलिसन दुखापतीमुळे बाहेर होता. त्याच महिन्यात व्हान डाइकच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. पुढे जो गोमेझ व जोएल माटिप हेही जायबंदी झाले. फाबिन्यो व हेंडरसन यांना बचावफळीत खेळवावे लागल्याने मधली फळी दुबळी झाली आणि आघाडीच्या दाबामागचा आधार गेला. २०२१ च्या आरंभी संघ ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरला. क्लबच्या इतिहासात असे प्रथमच घडले. तरीही अखेरीस संघाने तिसरे स्थान मिळवले.