गाडीच्या एसीची हत्यारं कशी बदलत गेली

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतला आहे. "गाडीचा एसी घरीच दुरुस्त करायचा तर कोणती हत्यारं घेऊ?" प्रश्न खरेदीचा आहे, पण त्याचं उत्तर इतिहासात दडलंय. एसीच्या पेटीतलं जवळजवळ प्रत्येक हत्यार कोणत्या तरी गॅससाठी जन्मलं आणि तो गॅस गेल्यावर निकामी तरी झालं किंवा बदललं तरी.

सुरुवात १९३९ पासून करू. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच एसी बसवलेली गाडी विकायला काढली. डिकीची बरीच जागा एसीच खायचा. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! म्हणजे एसीचं पहिलं घरगुती हत्यार पट्टा सैल करायचा पाना होता असं म्हणायला हरकत नाही.

त्या गाड्यांमध्ये खेळणारा गॅस आर-१२. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो १९२८ च्या सुमारास शोधला. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड असे, गळती झाली तर जिवावर बेतायचं. हा गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही हे दाखवायला मिजलीने १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. टाळ्या पडल्या असणारच.

आता गंमत बघा. याच गॅसची गळती शोधायला मेकॅनिक ज्योतच वापरायचे. हॅलाइड टॉर्च नावाचा छोटा दिवा असे. त्याची रबरी नळी जोडांवरून फिरवायची. नळीतून ओढलेली हवा तापलेल्या तांब्यावरून जायची आणि हवेत आर-१२ असला तर त्यातल्या क्लोरीनमुळे ज्योत हिरवी व्हायची. स्वस्त आणि बिनबॅटरीचं काम. फक्त जळलेल्या आर-१२ मधून विषारी वायू निघतात, आणि बंद गॅरेजमध्ये वाकून काम करणाऱ्याच्या नाकात ते थेट जायचे.

तोच क्लोरीन पुढे आर-१२ च्या मुळावर आला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी मांडलं की हे वायू वर जाऊन ओझोन खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगापुढे आलं आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. अमेरिकेत तोवर दुकानातून आर-१२ चा छोटा डबा आणून घरी भरायची सर्रास सवय होती. १९९२ च्या नोव्हेंबरपासून तो फक्त प्रमाणपत्रधारक मेकॅनिकलाच मिळू लागला.

नवा गॅस आर-१३४ए. त्यात क्लोरीन नाही, म्हणून हॅलाइड टॉर्च एका रात्रीत आंधळा झाला. आजही जुन्या बाजारात तो दिसला तर शोभेसाठी घ्या. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक शोधक आले, आणि घरच्या कामाला मला आवडणारी युव्ही डाय आली: ऑइलबरोबर रंग फिरतो आणि जांभळ्या टॉर्चखाली गळतीची जागा पिवळी-हिरवी चमकते. जुनं खनिज ऑइलही नव्या गॅसबरोबर नीट फिरेना, म्हणून पॅग ऑइल आलं. ते हवेतला ओलावा पितं, तेव्हा डबा उघडा ठेवू नका.

गेजचंही तसंच. आर-१२ च्या गाड्यांवर नळी आट्यांनी पिळून बसवायची. नव्या गॅससाठी मुद्दाम वेगळे, खटकन बसणारे कपलर ठरवले: कमी दाबाच्या बाजूला १३ मिलिमीटर, जास्त दाबाच्या बाजूला १६. निळी नळी लाल बाजूला चुकूनही बसू नये, आणि जुना गॅस नव्या गाडीत जाऊ नये. ज्याने हे ठरवलं त्याला माझा नमस्कार, कारण डब्यातून गॅस देताना तो फक्त कमी दाबाच्या बाजूने द्यायचा असतो. चालू इंजिनवर डबा दुसऱ्या बाजूला जोडला तर डबाच फुटू शकतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका गॅरेजने लागोपाठ तीन उन्हाळे माझ्या गाडीत "गॅस संपलाय" म्हणून गॅस भरला. अहो, एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही! कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. शेवटी डाय टाकली, तर भरायच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्हचा छोटासा गाभा गळत होता, टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असतो तसाच. तोवर किती गॅस हवेत गेला याचा हिशोब मनाला लागतो. आर-१३४ए ओझोन खात नाही, पण शंभर वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवतो.

म्हणून घेण्याचा क्रम असा ठेवा: आधी डाय आणि टॉर्च, मग गेज, मग व्हॅक्यूम पंप, आणि वजनकाटा विसरू नका. बंद गाडीत गेजवरचा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही, बाहेर किती ऊन आहे ते सांगतो. तीस अंशांना आर-१३४ए चा दाब साधारण ९७ पीएसआय, आत थोडा द्रव असो वा भरपूर. भरायचा गॅस ग्रॅममध्येच मोजायचा, आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. पंपाबद्दल एक गोष्ट आपल्या सगळीकडच्या श्रोत्यांसाठी: मुंबईत गेजचा काटा व्हॅक्यूममध्ये २९ इंचांच्या पुढे जाईल, बेंगळुरूत तो सत्तावीसच्या आसपासच थांबेल. पंप खराब नसतो, तिथे हवाच विरळ असते. दुकानदाराशी भांडू नका.

पाइप उघडायचं काम मात्र घरी करू नका. आतला गॅस ओढून साठवणारं यंत्र घरच्या माणसाला परवडत नाही, आणि नळी सोडून गॅस उडवून देणं मला पटत नाही. तो भाग यंत्र असलेल्या गॅरेजकडून करून घ्या; शोधणं आणि तपासणं तुमचं.

आणि पैसे देण्याआधी स्टिकर वाचा. युरोपात २०१७ पासून बहुतेक नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ आला. तो थोडा पेट घेणारा आहे आणि त्याचे कपलर पुन्हा वेगळे आहेत. विजेच्या गाडीत कॉम्प्रेसर विजेवर चालतो, ऑइलही वेगळं असतं, तिथे पॅग टाकलं तर विजेचा निरोध बिघडू शकतो. आजचा गेज-संच त्या गाडीला चालणार नाही, जसा माझ्याकडचा आट्यांचा जुना संच आता कशालाच चालत नाही.